लेफ्टला पहिलं दार

"मे आय यूज युअर बाथरूम, प्लीज?" आन्याने विचारलं, आणि संग्राम म्हणाला, "शुअर. लेफ्टला पहिलं दार." आन्या गेली. आतून कडी लागल्याचा आवाज आला. तीन वर्षांचा ईशान बुटांसकट सोफ्यावर चढला होता, संग्राम त्याचे बूट काढायला वाकला होता, आणि आश्लेषा अजून उंबऱ्यातच उभी होती, एका खांद्यावर कपड्यांची बॅग आणि दुसऱ्या हातात खाऊची जड पिशवी. सात वर्षांच्या मुलीने आपल्या बापाला त्याचं बाथरूम वापरू का म्हणून विचारलं होतं, आणि बापाने तिला वापर म्हणून सांगितलं होतं. दोघांनाही त्यात काही खटकलं नव्हतं. दुसऱ्यांच्या घरी गेल्यावर विचारावं, प्लीज म्हणावं, हे आश्लेषानेच तिला शिकवलं होतं. आता छातीत काहीतरी हलेल म्हणून ती क्षणभर थांबली. पिशवीचा बंद तळव्यात रुतत होता, तेवढंच कळत होतं. मग तिने सामान खाली ठेवलं आणि विचारलं, "चहा आहे का?"

चहा होता. संग्रामने कपात पाणी घेतलं, टी-बॅग टाकली आणि कप मायक्रोवेव्हमध्ये ठेवला. अमेरिकेत रेडमंडला असताना आलं किसल्याशिवाय त्याचा चहा होत नसे, आणि किसणी ओट्यावर तशीच टाकायची त्याची सवय होती. त्यावरून दोघांची रोज कुरबुर व्हायची. "एकट्यासाठी पातेलं कोण घासणार, यार," तो म्हणाला. ती मान हलवत फ्रीजकडे बघत राहिली. फ्रीजच्या दारावर मॅग्नेटखाली वाय-फायचा पासवर्ड लिहिलेली चिठ्ठी होती, मोठ्या सुवाच्य अक्षरात. "हे कोणासाठी?" "तुमच्यासाठीच. दर वेळी विचारता ना." त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता. तयारी केली होती त्याने. टेबलाशी त्याची एक लाकडी खुर्ची आणि भिंतीला टेकवलेल्या तीन घडीच्या खुर्च्या. बाथरूममध्ये दुकानाची चिठ्ठी न काढलेले टॉवेल. ईशानसाठी चॉकलेट मिल्कचे डबे. ईशानने डबा बघून मान फिरवली. "नो. आय डोन्ट लाइक." "अरे, लास्ट टाइम तर दोन प्यायला होतास!" संग्राम म्हणाला. "बंद केलंय त्याने," आश्लेषा म्हणाली, "ख्रिसमसपासून." संग्रामने डबा परत फ्रीजमध्ये ठेवला, लेबल पुढे येईल असा, नीट. तिने चहाचा घोट घेतला. कोमट, तपकिरी पाणी. तिला तो आवडला नाही आणि तिने तो संपवला.

सकाळी अंधार असतानाच ती मुलांना घेऊन रेडमंडहून निघाली होती. फेब्रुवारीतला तो पाऊस, जो पडतोय की नुसता लटकतोय ते सांगता येत नाही. वाटेत एके ठिकाणी शेतांत पाणी साचलं होतं आणि पाण्याच्या कडेने पांढरे पक्षी बसले होते, इतके की आन्या म्हणाली, "आई, स्नो!" आणि मग त्यातला काही भाग उडाला. आश्लेषाने बघितलं. सुंदर आहे, असं तिच्या मनात आलं, म्हणजे तसे शब्द आले, आणि मग पुढचा एक्झिट कुठला ते ती बघू लागली. बॉर्डरवर नेहमीसारखी रांग. खिडकीतल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट घेतले, विचारलं, कोणाला भेटायला चाललात? "माय हजबंड," ती म्हणाली. तो मागच्या सीटवर वाकून बघत म्हणाला, "हॅव अ फन वीकेंड, गाइज." फन वीकेंड. मुलांच्या शाळेत, डे-केअरमध्ये, ऑफिसात, सगळीकडे ही व्हँकूव्हरची ट्रिप म्हणूनच ओळखली जायची. "वी आर गोइंग टू व्हँकूव्हर," असं आन्या मैत्रिणींना सांगायची. बाबाकडे चाललोय असं ती म्हणाल्याचं आश्लेषाला आठवेना. समुद्र, मत्स्यालय, छोटी बोट, उंच बिल्डिंगमधलं घर, तिथे एक माणूस, जो खूप लाड करतो. नागपूरहून आई फोनवर म्हणायची, "तुमचं बरंय गं, दर महिन्याला फॉरेनची ट्रिप. फॉरेनातून फॉरेन!"

यात कोणी काही वाईट केलं नव्हतं. संग्रामच्या व्हिसाची वर्षं संपत आली होती, ग्रीन कार्डाची फाइल वेळेत पुढे सरकली नव्हती, आणि कंपनीने त्याला कॅनडात, व्हँकूव्हरच्या ऑफिसात जागा दिली होती. एका वर्षाचा प्रश्न आहे, असं सगळे म्हणाले होते. आता दुसरा हिवाळा संपत आला होता. आश्लेषाचा व्हिसा तिच्या स्वतःच्या नोकरीवर होता, आन्याची शाळा होती, घराचा करार होता, म्हणून ती तिघं मागे राहिली. तो रेडमंडला यायचा तर नवा व्हिसा, नवी अपॉइंटमेंट, आणि वकील म्हणाला होता, सध्या न गेलेलंच बरं. म्हणून तीच यायची. आणखी एक रस्ता होता, सगळ्यांत सोपा. तो तिच्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून घरी राहू शकला असता. त्याला नोकरी करता आली नसती एवढंच. हा रस्ता दोघांनाही ठाऊक होता, आणि दोघांपैकी एकानेही त्याचं नाव काढलं नव्हतं. लग्न होऊन आल्यावर आश्लेषा चार वर्षं तशी राहिली होती. रेडमंडच्या त्या पहिल्या अपार्टमेंटच्या खिडकीतून कंपनीच्या पांढऱ्या बस जाताना दिसायच्या. ती खिडकीशी उभी राहून भाजी चिरायची. सुरुवातीला रडू यायचं. मग एक दिवस यायचं थांबलं आणि तिला वाटलं, चला, रुळलो. पुढे ती शिकली, नोकरीला लागली, गाडी चालवू लागली, पण तेव्हा जे थांबलं ते पुन्हा सुरू झालं की नाही, हे तिने कधी तपासून पाहिलं नव्हतं. आन्या झाली तेव्हा खूप आनंद झाला होता. झाला असणार. फोटोत ती हसतेय.

दुपारी पाऊस थोडा थांबला तसे ते चौघं बाहेर पडले. खाडीतली ती इवलीशी बोट, डझनभर माणसांची, ईशानला प्रत्येक वेळी नव्याने आवडायची. संग्रामने त्याला मांडीवर घेतलं होतं आणि तो बोटवाल्याशी बोलत होता. बोटवाला त्याला नावाने ओळखत होता. आश्लेषाला हे नवीन होतं. तिचा नवरा अनोळखी माणसांशी बोलत नसे. दुकानात काही विचारायचं असलं तरी तो तिला पुढे करायचा. इथे तो "हे, मॅन" म्हणून हसत होता, त्याने केस बारीक कापले होते, पोट कमी झालं होतं. पलीकडच्या बाकावरून ती त्याच्याकडे बघत राहिली, लग्नाआधी मुलगा बघायला गेल्यावर बघतात तशी. बरा वाटतोय. उंचही आहे. मुलांशी चांगला वागतो. बोट धक्क्याला लागली तेव्हा ईशानला खाली उतरवताना त्याने सहज आपला हात आश्लेषापुढे केला आणि तिने तो धरला. हात गार होता, किंवा तिचा गार होता. उतरल्यावर दोघांनीही सोडला.

पलीकडे एक खेळायची जागा होती, घसरगुंडी, दोरांचं जाळं, आणि तिला लागूनच विटांची लांब बैठी शाळा. शनिवार असल्यामुळे शाळा बंद होती. मुलं जाळ्यावर चढली. संग्राम खिशात हात घालून उभा होता. "सकाळी इथे गाड्यांची रांग लागते," तो म्हणाला. "मी जिमला जाताना बघतो. एक सरदारजी आजोबा असतात, नातीला सोडायला येतात. रस्ता क्रॉस करून देणाऱ्या बाईंशी सरळ पंजाबीत बोलतात, आणि त्या इंग्लिशमध्ये उत्तर देतात. रोज."

"अच्छा," आश्लेषा म्हणाली.

"फ्रेंच पण शिकवतात. पहिलीपासून ऑप्शन आहे."

"हो का?"

"डे-केअर मागच्याच गल्लीत आहे. वेटिंग असतं, पण त्या म्हणाल्या की तसं फार नाही."

त्या म्हणाल्या. म्हणजे हा आत जाऊन कोणाशी तरी बोलून आला होता. आश्लेषाला ते कळलं, अगदी स्वच्छ कळलं, आणि ते तिने होतं तिथेच राहू दिलं. का विचारलंस, असं म्हटलं असतं तर त्याचं उत्तर ऐकावं लागलं असतं. ईशानची टोपी पडली होती, ती उचलून झटकायला ती पुढे गेली. तिला उगाच आठवलं, लहानपणी नागपूरला धंतोलीतल्या दाताच्या डॉक्टरांनी हिरडीत सुई दिली होती, अर्धा जबडा दगडासारखा झाला होता, आणि रिक्षातून घरी जाताना आई सारखी सांगत होती, ओठ चावू नकोस गं, तुला कळणार नाही. आणि तिने चावला होता. दुखत नव्हतं म्हणून गंमत वाटून आणखी चावला होता. संध्याकाळी सुईचा असर उतरला तेव्हा ओठ फाटून सुजला होता आणि तिने घर डोक्यावर घेतलं होतं. टोपी ओली होती. तिने ती ईशानच्या डोक्यावर न घालता खिशात कोंबली. मागे वळली तेव्हा संग्राम शाळेकडे नाही, तिच्याकडे बघत होता, आणि तिने बघितल्यावर लगेच म्हणाला, "पिझ्झा मागवू ना?"

झोपायच्या वेळी तो म्हणाला, "तुम्ही लोक बेड घ्या. मी आहे सोफ्यावर." तुम्ही लोक. हेही सोयीचंच होतं. ईशान रात्री लाथा मारतो, आन्याला भिंतीकडची बाजू लागते, चौथ्याला जागाच उरत नाही. बाहेरच्या खोलीत तो फोनवर काहीतरी बघत होता, त्याचा निळा उजेड दाराच्या फटीतून आत येत होता. उठून जावं, सोफ्याच्या कडेला बसावं, असा विचार तिच्या मनात आला. बसून काय बोलायचं ते सुचेपर्यंत तिला झोप लागली.

रविवारी सकाळी अलार्म वाजला. पूर्ण बिल्डिंगचा, आगीचा, कानात खिळा ठोकावा तसा. त्याआधी घरात बरंच बरं चाललं होतं. संग्रामने पोहे भिजवले होते, ईशानशी लपंडाव खेळता खेळता कांदा चिरला होता, तू लप, मी दाढी करून आलो की शोधतो, असं सांगून तो बाथरूममध्ये गेला होता. नळ चालू होता. आश्लेषा गॅसशी उभी होती. आवाज सुरू झाला त्या क्षणी तिने गॅस बंद केला, ईशानला पलंगाखालून पायाला धरून ओढून काढलं, कडेवर घेतलं, आन्याचा हात धरला आणि ती बाहेर पडली. कॉरिडॉरमध्ये दिवे लुकलुकत होते. जिन्यात माणसं होती, कोणाच्या हातात कुत्रं, कोणाच्या हातात कॉफीचा कप. कोणी धावत नव्हतं. ती पायऱ्या उतरत राहिली. ईशान कानांवर हात ठेवून तिच्या मानेत तोंड खुपसून होता, आन्या मुकाट्याने तिच्या बरोबरीने येत होती, आणि आश्लेषाचं डोकं इतकं स्वच्छ होतं की तिला स्वतःचंच नवल वाटत होतं. खाली फुटपाथवर आल्यावर तिने ईशानला खाली ठेवलं, आन्याच्या जॅकेटची चेन लावली. मुलं जवळ होती, दोघंही. सगळं आलं. तिने मोठा श्वास सोडला.

"व्हेअर इज बाबा?" आन्याने विचारलं.

आश्लेषाने वर पाहिलं. खिडक्याच खिडक्या, त्यातली कुठली त्याची ते तिला ठाऊक नव्हतं. लोक दारातून बाहेर येत होते आणि त्यात तो नव्हता. बाथरूमच्या दारावर तिने थाप मारली नव्हती. त्याला हाक मारली नव्हती. घाबरून विसरली असती तर त्याला काही अर्थ होता. ती घाबरली नव्हती. ती दोघांना घेऊन निघाली तेव्हा तिच्या मते घरात आणखी कोणी राहिलंच नव्हतं. रेडमंडच्या घरात नसतं तसं. पावसाचे थेंब तिच्या चेहऱ्यावर पडत होते आणि ती वर बघत उभी होती. आग लागली असेल का, असा विचार आला, आणि त्याला जोडून जो यायला हवा होता तो आला नाही. "ही इज कमिंग," ती आन्याला म्हणाली. आगीचा बंब येऊन थांबला. जाड बूट घातलेली माणसं सावकाश आत गेली. मग दारातून माणसं येईनाशी झाली, आणि सगळ्यांत शेवटी संग्राम आला.

त्याच्या एका गालावर साबणाचा फेस होता. पाय अनवाणी. अंगात बनियन, हातात ईशानचा पिवळा रेनकोट. तो फुटपाथवर येऊन गरागरा फिरला, लोकांच्या पायांकडे बघत, मुलांच्या उंचीवर बघत, आणि मग त्याला ते दिसले. तो आला आणि गुडघ्यांवर बसला. त्याने ईशानला धरलं. धरलं म्हणजे दोन्ही दंडांना पकडून नुसतं बघितलं. "मला वाटलं हा आत आहे," तो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "मला वाटलं, लपलाय. आवाज ऐकून घाबरून आत बसलाय. कपाट उघडलं. पलंगाखाली. वॉशिंग मशिनमध्येसुद्धा बघितलं मी." ईशान त्याच्या गालाला बोट लावून फेस बघत होता. शेजारी कुत्रं घेऊन एक म्हातारी बाई उभी होती, तिने हसून संग्रामच्या खांद्यावर हात ठेवला. "ओह गुड, यू फाउंड देम! आय डिडन्ट ईव्हन नो यू हॅड किड्स." "येस," संग्राम म्हणाला. "टू." बाई आश्लेषाकडे बघूनही हसली, आणि आश्लेषाही हसली.

तिसऱ्या मजल्यावर कोणाचा तरी ब्रेड जळला होता. वर गेल्यावर घराचं दार उघडंच होतं. कपाटांची दारं उघडी, गाद्या सरकवलेल्या, सोफा भिंतीपासून पुढे ओढलेला, शेगडीवर अर्धवट कांदा. संग्रामने उरलेली दाढी केली. आश्लेषाने पोहे केले. सगळ्यांनी खाल्ले. "मीठ बरोबर आहे?" तिने विचारलं. "हो, मस्त," तो म्हणाला. मत्स्यालयाची तिकिटं काढलेली होती म्हणून ते तिथेही गेले, काचेपलीकडे जेलीफिश वरखाली होत होते, आणि आन्याने पाटी वाचून सांगितलं की त्यांना मेंदू नसतो आणि हृदय नसतं. "देन हाऊ डू दे नो वेअर टू गो?" ईशानने विचारलं. "दे जस्ट गो," आन्या म्हणाली.

दुपारी निघताना संग्राम खाली गॅरेजमध्ये आला. ईशानची कार सीट नवी होती, तिचं बकल संग्रामला लागेना. तो दोनदा प्रयत्न करत होता तोवर ईशानने त्याचा हात बाजूला केला, "आय डू इट," आणि एका झटक्यात लावलं. संग्राम वाकलेला तसाच राहिला. आश्लेषा ड्रायव्हरच्या दाराशी उभी होती. तिने किल्ली त्याच्यापुढे धरली. आधी ठरवलं नव्हतं.

"तू चालव."

"म्हणजे?"

"बॉर्डरच्या आधी शेवटचा एक्झिट आहे ना, तिथपर्यंत."

"आणि मी परत कसा येऊ?"

"बस असेल."

त्याने विचार केला. "असते. पुढे ट्रेन घ्यावी लागते." मग त्याने किल्ली घेतली.

ती बाजूच्या सीटवर बसली. कितीतरी महिन्यांत ती त्या सीटवर बसली नव्हती. समोर स्टिअरिंग नसल्यामुळे हात कुठे ठेवायचे ते तिला कळेना. तिने ते मांडीवर ठेवले. मुलं मागे एका टॅबलेटवर डोकी टेकवून होती. नदीवरचा पूल गेला, मग सपाट शेतं सुरू झाली, आणि वायपरच्या एका फेरीनंतर संग्राम म्हणाला, "सकाळी जाताना तू मागे वळून पाहिलंस का?"

"नाही."

"मी आत आहे हे माहीत होतं ना?"

"नळ चालू होता." तिने सांगायचा प्रयत्न केला. "सुचलंच नाही रे. तू आहेस हे... खाली गेल्यावर मला वाटलं, सगळे आलो आपण."

"घाबरलीस म्हणून असेल."

"घाबरले नव्हते."

त्याने मान हलवली. रागाची ती मान नव्हती. पुढच्या एका ट्रकला त्याने मागे टाकलं. मग तो बोलला, आवाज न बदलता, हवेविषयी बोलावं तसं. "गेल्या वेळी तुम्ही लोक निघालात ना, मी वर गेलो. व्हॅक्यूम केलं. खुर्च्या घडी करून भिंतीला लावल्या. टॉवेल धुतले. मग कॉफी घेऊन बसलो, आणि मला बरं वाटलं, आशू. शांत. इतकं बरं वाटलं की मग भीती वाटली. दुसऱ्याच दिवशी मी त्या शाळेत गेलो."

"म्हणून गेलास?"

"म्हणून."

तिने खिडकीबाहेर पाहिलं. तिला वाटलं होतं की तो एकटेपणाने गेला असेल, मुलांच्या आठवणीने गेला असेल; तिने मनात नकार देऊन ठेवला होता तो त्या माणसाला. हा वेगळा होता. हा तिच्यासारखा होता. ओठाच्या आत कुठेतरी बारीक झिणझिणी यावी तसं काहीतरी झालं आणि लगेच गेलं.

"आर यू गाइज फायटिंग?" मागून आन्याने विचारलं.

"नाही गं, राजा," संग्राम म्हणाला. "बोलतोय."

"ओके." तिचं लक्ष परत टॅबलेटकडे गेलं.

शेवटच्या एक्झिटला एक गॅस स्टेशन होतं, त्याच्या पलीकडे बस स्टॉप. पुढे उताराच्या खाली बॉर्डरच्या रांगेचे लाल दिवे दिसत होते. संग्रामने गाडी कडेला लावली. मागे वळून त्याने मुलांचे गाल कुरवाळले, आन्याने "बाय, बाबा. थँक यू फॉर हॅविंग अस," म्हटलं, आणि या वेळी त्याच्या चेहऱ्यावर ते लागलेलं आश्लेषाला दिसलं. तो उतरला. तीही उतरली आणि गाडीला वळसा घालून ड्रायव्हरच्या बाजूला आली. बॉनेटपाशी दोघं समोरासमोर आले आणि एकमेकांना जागा देताना दोघंही एकाच बाजूला सरकले, मग पुन्हा दुसऱ्या बाजूला. कोणी हसलं नाही. ती आत जाऊन बसली, दार ओढलं, काच खाली केली. तो बाहेर पावसात वाकून उभा होता, हात खिडकीच्या कडेवर.

"दोन बेडरूमचं घर बघू का इकडे?" तो म्हणाला. "जुलैपर्यंत. शाळा सुरू व्हायच्या आत."

तिच्या नोकरीचं काय, आन्याच्या मैत्रिणींचं काय, आपण चौघं एका घरात राहिलो तर नक्की कोण कोण असू, हे सगळं विचारायला हवं होतं. तिच्या तोंडात 'बघू' आलं होतं, सगळ्यांच्या तोंडात येतं तसं, म्हणजे नंतर, म्हणजे नाही. पण जीभ मध्येच थांबली आणि बाहेर पडलं ते, "बघ."

त्याने तिच्याकडे पाहिलं. "बघ?"

दुरुस्त करायला पुरेसा वेळ होता. एक बस उतारावरून वर येत होती, तिचे वायपर दिसत होते. आश्लेषाने काही दुरुस्त केलं नाही. त्याने खिडकीच्या कडेवर हाताने दोनदा थोपटलं, जसं गाडीलाच निघायला सांगतोय, आणि तो डोक्यावर जॅकेट धरून बसकडे पळाला. तो पळताना चांगला दिसतो हे ती विसरली होती. बसने त्याला घेतलं आणि बस गेली.

ती ब्रेकवर पाय ठेवायला गेली तर पाय पोचला नाही. त्याने सीट मागे घेतली होती, आपल्या लांब पायांसाठी, पार शेवटापर्यंत. तिचे पाय पेडलपासून वीतभर अलीकडे अधांतरी राहिले. हात पुढे केला तर स्टिअरिंगही दूर. ती तशीच बसून राहिली, मोठ्या माणसाच्या खुर्चीत बसवलेल्या मुलीसारखी, आणि खालच्या लाल दिव्यांकडे बघत असताना तिच्या लक्षात आलं की आपले पाय थरथरताहेत. सकाळच्या जिन्यात थरथरले नव्हते. आता थांबत नव्हते. तिने गुडघ्यांवर हात दाबून धरले, तरी थांबेनात.

"आई, गो," ईशान म्हणाला.

"थांब रे," ती म्हणाली, "जाऊ."